सुंभ शाबूत, पीळ गेला

तीनशे एमबीपीएसचा प्लॅन घेतलेला असतो. वाय-फायवर मोबाइल दोनशेच्या पुढे पळतो. मग चांगला वेग मिळावा म्हणून लॅपटॉपला मुद्दाम केबल जोडली जाते आणि वेग मोजला की आकडा येतो ९४. दुसऱ्यांदा मोजला तरी ९४, रात्री मोजला तरी ९४. बिबवेवाडीतल्या सोसायट्यांत ही तक्रार इतकी रुळली आहे की लोक केबल काढून ठेवतात आणि वाय-फायवर काम भागवतात. प्लॅनचे पैसे मात्र पूर्ण जातात.

या आकड्याचा हट्टीपणा लक्षात घेण्यासारखा आहे. गर्दीमुळे मंदावलेलं नेट कधी ४०, कधी १२० दाखवतं. ९४ कायम ९४ असतो, कारण तो गणिताने आलेला आहे. तारेवरून माहिती पाकिटांतून जाते. एका पूर्ण पाकिटाला, दोन पाकिटांमधली सक्तीची मोकळी जागा धरून, १५३८ बाइट्स लागतात. त्यात आपला उपयोगी माल असतो १४६० बाइट्स किंवा त्याहून थोडा कमी. बाकीचं पत्ते, शिक्के आणि बारदान. शंभर मेगाबिटमधून हे बारदान वजा केलं की ९४-९५ उरतात. म्हणजे ९४ दिसले की ओळखावं : तारेच्या दोन टोकांच्या यंत्रांनी हजार मेगाबिटचा नाद सोडून शंभरावर समझोता केला आहे, आणि आपल्याला विचारलेलं नाही.

हा समझोता का होतो याचं तांत्रिक उत्तर दोन ओळींत देता येतं. पण ते दोन ओळींचं उत्तर घडायला जवळजवळ दीडशे वर्षं लागली, आणि त्यात मुंबईच्या गोदीतल्या जहाजांपासून पुण्यातल्या गच्च्यांपर्यंत बऱ्याच गोष्टी येतात. तार मंद झाली की दोष कुणाचा, हा प्रश्न लॅपटॉपहून फार जुना आहे.

जोर लावावा की मोजावं?

ऑगस्ट १८५८मध्ये आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये अटलांटिकच्या तळाशी पहिली केबल पडली. व्हिक्टोरिया राणीचा अमेरिकेच्या अध्यक्षांना गेलेला संदेश ९८ शब्दांचा होता. तो पलीकडे पोचायला सुमारे १६ तास लागले. तासाला सहा शब्द!

केबल मंद का, यावर कंपनीत दोन मतं होती. कंपनीचे विद्युत-तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस पेशाने शल्यचिकित्सक होते. त्यांचं म्हणणं, विजेचा दाब वाढवा. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५५मध्येच गणित मांडलं होतं : पाण्याखालची लांब केबल ही नुसती वाट नसते, ती वीज साठवूनही धरते. प्रत्येक संकेत आधी तिला भरत जातो, मग ती सावकाश रिकामी होते. त्यामुळे लांबी दुप्पट झाली तर विलंब चौपट होतो. यावर उपाय दोनच, तांबं जाड आणि चांगलं वापरा, आणि पलीकडे अतिशय क्षीण संकेतही टिपणारं उपकरण ठेवा. ते उपकरण, आरशाचा गॅल्व्हानोमीटर, थॉमसन यांनी स्वतः तयार केलं होतं.

व्हाइटहाउस यांनी सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला. केबलची बनावट मुळातच सदोष होती, या माऱ्याने तिचा शेवट लवकर आला. काही आठवड्यांत ती कायमची गप्प झाली. व्हाइटहाउस यांची नोकरी गेली.

पुढच्या दोन वर्षांत हाच प्रकार आपल्या दिशेने घडला. १८५७च्या उठावाची बातमी लंडनला पोचायला आठवडेच्या आठवडे लागल्यामुळे ब्रिटिश सरकारला हिंदुस्थानशी जोडणारी तार तातडीने हवी होती. १८५९-६०मध्ये सुएझहून तांबड्या समुद्रातून एडनला आणि तिथून कराचीला केबल टाकली गेली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. आठ लाख पौंडांच्या भांडवलावर साडेचार टक्के परताव्याची हमी सरकारने पन्नास वर्षांसाठी देऊन टाकली. केबलचा एकेक तुकडा बंद पडत गेला आणि सबंध मार्ग कधीच धड चालला नाही. हमी मात्र चालू राहिली, वर्षाला ३६ हजार पौंड. न चालणाऱ्या तारेचं भाडं भरत राहण्याची परंपरा अशी जुनी आहे.

या दोन अपयशांची चौकशी करायला समिती बसली. तिचा अहवाल १८६१मध्ये आला. तोवर जगात टाकलेल्या अकरा हजारांहून अधिक मैल समुद्री केबलपैकी जेमतेम तीन हजार मैल चालू होती. समितीपुढे वारंवार आलेली अडचण आज वाचताना चमत्कारिक वाटते : तारेचा विरोध मोजायला सर्वमान्य मापच नव्हतं. कुणी तो अमुक जाडीच्या तांब्याच्या तारेच्या मैलांत सांगे, कुणी लोखंडी तारेच्या मैलांत, कुणी पाऱ्याच्या स्तंभात. कारखानदार म्हणे माल चोख आहे, टाकणारा म्हणे माल खोटा होता, चालवणारा म्हणे टाकताना बिघडला. मापात पाप असलं तर ते पकडता येतं. मापच नसेल तर नुसता वाद होतो.

म्हणून त्याच वर्षी ब्रिटिश असोसिएशनने विद्युत-मापांची समिती नेमली. थॉमसन यांनी त्यासाठी आग्रह धरला होता. शास्त्रज्ञांच्या नावावरून मापांना नावं द्यावीत ही सूचना चार्ल्स ब्राइट आणि लॅटिमर क्लार्क या दोन केबल-अभियंत्यांची. त्यातून रुळलेलं एक नाव म्हणजे ओहम. तपकीर गल्लीत मिळणाऱ्या साध्यात साध्या मल्टिमीटरवर जे घोड्याच्या नालेसारखं चिन्ह असतं, त्यामागे बुडालेल्या केबलींचं हे भांडण आहे. शाळेत आपल्याला ओहमचा नियम शिकवतात, ओहमची गरज कुणाला पडली हे सांगत नाहीत.

मुंबईला पोचलेली तार

ब्राइट आणि क्लार्क यांनी पुढची केबल इराणच्या आखातासाठी केली. १८६४मध्ये ती टाकली गेली, आणि या वेळी कारखान्यातच पाण्याखाली ठेवून तिच्या प्रत्येक तुकड्याचा विरोध मोजला होता. केबल वाहून आणणाऱ्या जहाजांत 'ट्वीड' आणि 'असाय' ही दोन जहाजं होती. दोन्ही मुंबईच्याच गोदीत बांधलेली. 'ट्वीड'चं मूळ नाव 'पंजाब', आणि ते बांधलं होतं वाडिया घराण्यातल्या कारागिरांनी.

ही केबल चांगली चालली. तरीही लंडनचा संदेश मुंबईला यायला कित्येक दिवस लागत, आणि तो येईपर्यंत ओळखू येईनासा होई. कारण आखाताच्या पलीकडचा रस्ता जमिनीवरचा होता. तिथे तुर्की आणि इराणी ठाण्यांवर इंग्रजी न येणारे कारकून इंग्रजी अक्षरं उतरवून घेऊन पुढे पाठवत. समुद्राखालचा अवघड तुकडा निर्दोष, आणि खोळंबा जमिनीवरच्या सोप्या तुकड्यात. आज वाय-फाय दोनशे दाखवतं आणि केबल ९४, तेव्हा नेमकं हेच झालेलं असतं. गल्लीपर्यंत आलेला फायबर ठणठणीत असतो, मंद असते ती राउटर आणि लॅपटॉप यांच्यामधली दहा-वीस मीटरची तार.

मुंबईला हा खोळंबा परवडणारा नव्हता. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू असताना इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि शहरातल्या मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. बातमी चार दिवस आधी मिळणं म्हणजे काय, हे त्या वर्षाने मुंबईला शिकवलं. १८६६मध्ये रॉयटर या वृत्तसंस्थेने आपला माणूस, हेन्री कॉलिन्स, मुंबईत बसवला. फेब्रुवारी १८७०मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या त्या काळच्या सगळ्यात मोठ्या जहाजाने मुंबईहून एडनकडे केबल टाकायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये लंडन समुद्रमार्गे मुंबईशी जोडलं गेलं. मधल्या देशांतले कारकून गळाले. दिवसांचं काम तासांवर आलं.

या काळात तारखात्यातल्या माणसांनी एक विद्या कमावली. तार बिघडली की ती कुठे बिघडली हे ऑफिसात बसून सांगण्याची. समजा दोन गावांमध्ये दोन तारा आहेत, एक चांगली, एक मध्येच कुठेतरी जमिनीला टेकलेली. पलीकडच्या ठाण्याला सांगून त्या टोकाला दोन्ही जोडून घ्यायच्या. झाला एक लांब फेरा. अलीकडच्या टोकाला तराजूसारखं उपकरण लावायचं आणि काटा शून्यावर आणायचा. तराजूच्या दोन बाजूंचं जे प्रमाण निघेल, त्याच प्रमाणात बिघाडाने तो फेरा विभागलेला असतो. मग हिशेब करून लाइनमनला सांगायचं : अमुक मैलावर जा. याला मरे लूप म्हणतात. माणूस पावसात घाट चढून खांब तपासत बसण्यापेक्षा आधी कागदावर मैल काढावा, हा या विद्येचा सारांश.

तारेची ही सेवा १५ जुलै २०१३ला देशभर बंद झाली. शब्द मात्र राहिला. मराठीत वस्तूही तार आणि निरोपही तार. 'तार आली' म्हटलं की घरात काळजाचा ठोका चुके. तारेशी आपलं नातं असं आहे की ती बोलली तरी भीती आणि नाही बोलली तरी भीती.

सुंभ आणि पीळ

१८८२ साली मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. टेलिफोनने तारेपुढे नवा प्रश्न उभा केला. टकटक करणाऱ्या संकेताला शेजारच्या तारेची थोडी कुजबुज चालून जाते, माणसाच्या आवाजाला चालत नाही. दोन तारा लांबवर शेजारून धावल्या की एकीतलं बोलणं दुसरीत उतरतं. वीजपुरवठ्याच्या आणि ट्रामच्या तारा आल्यावर त्यांचा गुंजारवही त्यात मिसळला. आपल्याकडे पुढे कित्येक पिढ्यांनी 'क्रॉस कनेक्शन' या नावाने परक्यांची भांडणं आणि लग्नाच्या बैठकी फुकट ऐकल्या. त्यातल्या काही स्विचच्या चुका होत्या, पण बऱ्याच तारांच्या या शेजारधर्मामुळे घडत.

यावरचा उपाय अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१मध्ये पेटंटात मांडला होता. प्रत्येक टेलिफोनला एक तार आणि परतीला जमीन, असं न करता दोन तारा द्याव्यात आणि त्या एकमेकींभोवती पिळाव्यात. पिळलेल्या जोडीत प्रत्येक तार क्षणात अलीकडे, क्षणात पलीकडे असते. शेजाऱ्याचा आवाज दोघींत सारखाच शिरतो. ऐकणारं यंत्र दोघींतला फक्त फरक ऐकतं, त्यामुळे तो आवाज आपोआप वजा होतो. काही विकत आणायला नको, वीज नको. नुसता पीळ.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं आपण हेकट माणसाबद्दल म्हणतो. तांब्याच्या तारेत बरोबर उलटं होतं. सुंभ शाबूत असतो आणि पीळ गेलेला असतो. मग तार धडधाकट दिसते आणि काम करत नाही.

हे आजच्या लॅन केबलमध्ये रोज घडतं. तिच्यात आठ तारा असतात, चार जोड्या : नारंगी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येक रंगाची जोडीदार पांढरट तार तिच्याभोवती पिळलेली असते, आणि चारही जोड्यांचा पीळ कमी-जास्त घट्ट असतो, म्हणजे जोड्या एकमेकींतही बोलणार नाहीत. प्लग लावताना क्रम ठरलेला आहे : पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी घुसलेली बघून नवख्याला वाटतं, ही कुणाची तरी चूक आहे. तो व्यवस्थित रंगाला रंग लावतो, दोन्ही टोकांना सारखाच. टेस्टर लावला की आठही दिवे ओळीने लागतात. वीज पोचते, पण तिसऱ्या आणि सहाव्या पिनवर आता एकाच जोडीच्या तारा नसतात. पीळ हरवला. अशी केबल बरेचदा जोडली जाते, चालल्यासारखी वाटते आणि भार आला की वेग टाकते. प्लगजवळ पीळ उलगडला तरी तेच, म्हणून तो १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये असं मानक सांगतं. आठ दिव्यांचा टेस्टर तारा मोजतो. पीळ मोजणं त्याच्या कुवतीबाहेरचं आहे.

आठांपैकी चार

आता आठच तारा का, हा प्रश्न. १९७३मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोतल्या संशोधनकेंद्रात बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेट रचलं, तेव्हा तिथे पिळलेली जोडी नव्हतीच. एक जाड कोअ‍ॅक्सिअल केबल आणि तिच्यावर टांगलेले सगळे संगणक. १९८३मध्ये त्याचं मानक झालं. सध्या अप्पर इंदिरानगरात असलेली विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी स्थापन झाली तेही १९८३च. त्यानंतर जे पुण्यात संगणक शिकले, त्यांतल्या अनेकांनी प्रयोगशाळेत पातळ कोअ‍ॅक्सची माळ पाहिली असेल. तिच्या दोन्ही टोकांना ५० ओहमची टोपी लागे. एक टोपी सैल झाली की सगळी खोली बंद. बिघाड लपायला जागाच नव्हती.

अमेरिकेतल्या कचेऱ्यांत मात्र भिंतीभिंतींतून टेलिफोनच्या पिळलेल्या जोड्या आधीच गेलेल्या होत्या, बऱ्याच ठिकाणी चार-चार. फुकटात मिळालेली तार कोण सोडणार? १९९०मध्ये दहा मेगाबिटचं इथरनेट या जोड्यांवर उतरलं. त्याला चारांपैकी दोनच जोड्या लागत. १९९५मध्ये शंभर मेगाबिट आलं, त्यालाही दोनच. निळी आणि तपकिरी रिकाम्या. १९९९मध्ये त्याच केबलवर हजार मेगाबिटचं मानक आलं आणि चारही जोड्या कामाला लागल्या.

जुन्या आणि नव्या यंत्रांना एकत्र नांदता यावं म्हणून १९९५च्या मानकात एक शिष्टाचार घालून दिला होता. केबल जोडताच दोन्ही बाजू एकमेकींना सांगतात, मला काय काय जमतं, आणि दोघींना जमेल त्यातलं उत्तम निवडलं जातं. सुरुवातीला हा शिष्टाचार नीट पाळला जात नसे. एका बाजूला माणसाने वेग हाताने ठरवून दिला आणि दुसरी बाजू आपोआपवर राहिली, की एक जण एकाच वेळी बोलायला-ऐकायला बसे आणि दुसरा पाळीपाळीने. हलकं काम सुरळीत, मोठी फाइल घेतली की वेग रांगे. नेटवर्क सांभाळणाऱ्यांची त्या काळातली कितीतरी रात्रीची जागरणं या एका गैरसमजापायी झाली. म्हणून तांब्यावरच्या गिगाबिटला हा शिष्टाचार सक्तीचा केला.

यात एक फट राहते. वाटाघाटी चालतात त्या नारंगी आणि हिरव्या जोडीवरून. निळी किंवा तपकिरी तुटलेली असली तरी बोलणी यशस्वी होतात, दोघं गिगाबिट ठरवतात, सुरू करायला जातात आणि जमत नाही. पुन्हा प्रयत्न, पुन्हा अपयश. मग बहुतेक चिपा निमूटपणे शंभरावर उतरतात. वापरणाऱ्याचं काम अडू नये हा त्यामागचा सद्हेतू. पण खूण एवढीच उरते, कुठल्यातरी सेटिंगच्या पानावर १०००च्या जागी १००. कोअ‍ॅक्सची माळ तुटली की ओरडे. ही केबल तुटते आणि कळू देत नाही.

गच्चीवरून गच्चीवर

आपल्याकडे ही केबल घरात आली ती कचेरीतून नव्हे, गच्चीवरून. १९९१च्या आखाती युद्धाच्या सुमारास उपग्रह वाहिन्या आल्या आणि गल्लोगल्ली केबलवाले उभे राहिले. मधली जागा पालिकेची, खांब विजेचे; गच्ची मात्र सोसायटीची, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला पटवता येई. नोव्हेंबर १९९८मध्ये इंटरनेट पुरवण्याचं क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुलं झालं. पुढच्या काही वर्षांत अनेक ठिकाणी त्याच गच्च्यांवरून, त्याच माणसांनी लॅन केबल ओढली.

बिबवेवाडीचा भूगोल या कामाला सोयीचा. मार्केट यार्डाकडून वर चढत जाणारा उतार, खेटून उभ्या चार मजली सोसायट्या, मध्ये बैठी वस्ती, वर अप्पर. एका गच्चीवरून पुढची गच्ची दिसते. इथरनेटची तांब्याची केबल १०० मीटरपर्यंतच धावते, म्हणून मध्ये मध्ये पत्र्याच्या पेटीत स्विच. एका इमारतीच्या आतल्या वापरासाठी घडवलेलं तंत्र असं अख्ख्या वस्तीला पुरवलं गेलं. मे महिन्यातल्या वळवाच्या विजांनी पेटीतले पोर्ट जळत. उन्हाने केबलचं आवरण तडकून तिच्यात पाणी शिरे.

आणि मागणी केवढी होती? २००४च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँडची व्याख्या होती सेकंदाला २५६ किलोबिट. ज्यांनी रात्री दोन ते सकाळी आठ मोफत डाउनलोडसाठी गजर लावले त्यांना तो काळ आठवेल. २५६ किलोबिटच्या घराला शंभर मेगाबिटची तार म्हणजे चारशेपट मोकळी. मग रिकाम्या निळ्या-तपकिरीचं काय करायचं? एकाच केबलमधून दोन जोडण्या काढायच्या, नारंगी-हिरवीवर एक घर, निळी-तपकिरीवर दुसरं. ही युक्ती जगभर वापरली गेली आणि त्या वेळी ती चुकीची नव्हती, काटकसरीची होती. काटकसर पुढे केबलच्या तांब्यातही शिरली. वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम अशी स्वस्त केबल बाजारात आली. अ‍ॅल्युमिनियमचा विरोध तांब्याच्या सुमारे दीडपटीहून जास्त, आणि दोन-चारदा वाकवलं की ते मोडतं. थॉमसन १८५०च्या दशकात जे तांब्याच्या शुद्धतेबद्दल सांगत होते, ते आपण पुन्हा पहिल्यापासून शिकलो.

घरं बांधताना किंवा रंगवताना त्या काळात पट्टीत आणि भिंतीत गेलेली केबल पुष्कळ ठिकाणी अजून तिथेच आहे. दारापर्यंत फायबर आला, राउटर नवा आला, लॅपटॉप नवा आला. मधली तार ज्या सालची आहे त्या सालचाच वेग देते. ९४ हा आकडा त्या अर्थाने दस्तऐवज आहे. भिंतीवर गुलाबी डिस्टेंपरचा थर निघाला की घर कधीचं ते कळतं, तसाच.

मैल आधी काढा

मार्च २०२०मध्ये घरं एकाएकी कचेरी आणि शाळा झाली, तेव्हा हा दस्तऐवज पुष्कळांना एकदम वाचावा लागला. मुलाची ऑनलाइन परीक्षा अडकते, आईची मीटिंग गोठते, आणि फोनवर ठरलेला संवाद सुरू होतो. पुरवठादाराचा माणूस म्हणतो, आमच्याकडून पूर्ण स्पीड आहे, तुमच्या लॅपटॉपमध्ये प्रॉब्लेम आहे. लॅपटॉपवाला म्हणतो, नेट स्लो आहे. १८६१च्या समितीपुढे झालेलं भांडण शब्दशः हेच होतं. आणि सुटका तेव्हा ज्या रस्त्याने झाली त्याच रस्त्याने आजही होते. वरचा प्लॅन घेणं हे व्हाइटहाउस यांच्या दोन हजार व्होल्टसारखं आहे. तारच शंभराची असेल तर पाचशेच्या प्लॅनवरही ९४च मिळणार.

आधी लिंकचा वेग बघावा, इंटरनेटचा नंतर. विंडोजमध्ये इथरनेटच्या गुणधर्मांच्या पानावर तो लिहिलेला असतो. तिथे १००० असेल आणि तरी वेग कमी असेल, तर दोष पुढे कुठेतरी आहे. तिथे १०० असेल, तर दोष राउटर आणि लॅपटॉप यांच्यातच आहे आणि पुरवठादाराला फोन करण्यात अर्थ नाही. उलट, वाय-फायवरही सगळं ९४लाच अडत असेल, तर बाहेरून राउटरपर्यंत येणाऱ्या तारेकडे किंवा राउटरच्या पोर्टकडे बोट दाखवता येतं, आणि मग फोन करावा तो आकडा हातात घेऊन.

दोष घरातला ठरला की लॅपटॉप उचलून राउटरपाशी न्यावा आणि हातभर लांबीच्या, खात्रीच्या केबलने जोडावा. आता १००० आलं, तर लॅपटॉप निर्दोष सुटला, भिंतीतली केबल किंवा तिचे प्लग दोषी. नाही आलं, तर राउटरचा दुसरा पोर्ट बघावा. काही स्वस्त राउटरांचे पोर्ट मुळात शंभराचेच असतात, खोक्यावर वाय-फायचा आकडा कितीही मोठा छापलेला असो. मग लॅपटॉप. पातळ लॅपटॉपला हल्ली इथरनेटची खाचच नसते, यूएसबीचा जोड लावावा लागतो, आणि त्यातले स्वस्त जोड शंभराचे असतात. खाच असली तर ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये वीज वाचवण्यासाठी गिगाबिट बंद करण्याचा पर्याय चालू राहिलेला असू शकतो. कुणीतरी कधीतरी वेग हाताने शंभरावर बांधून ठेवलेलाही असतो, तो आपोआपवर सोडावा.

केबल दोषी ठरली तरी भिंत फोडायची घाई नको. बहुतेक वेळा आजार टोकाला असतो. दोन्हीकडचे प्लग कापून, पीळ राखून, क्रमाने नवे लावले की पुष्कळ केबली सुधारतात. त्यानंतरही न सुधारणाऱ्या केबलसाठी मरे लूपची नात आहे. तारेत एक ठोका सोडायचा आणि प्रतिध्वनीची वाट बघायची. केबलमध्ये संकेत नॅनोसेकंदाला सुमारे २० सेंटिमीटर जातो. ठोका ३०० नॅनोसेकंदांनी परतला तर तार ३० मीटरवर तुटली आहे. हे करायची सोय अनेक स्विचांच्या आणि लॅपटॉपच्या चिपांत आधीच बसवलेली आहे. २०२०मध्ये लिनक्समध्ये तर त्यासाठी साधी आज्ञाही आली. लाखोंच्या खिशाला परवडेल अशा चिपेत तारखात्याची विद्या भरलेली आहे, फक्त तिला विचारणारं कुणी नाही. वेग मोजायला एक मोठं हिरवं बटण सगळ्यांच्या हाती दिलं गेलं. तार मोजायचं बटण सहाव्या पानावर लपलं.

२०२३मध्ये ब्रॉडबँडची सरकारी व्याख्या दोन मेगाबिट झाली. त्या हिशेबाने ९४ म्हणजे चैन. त्यावर भागतही असेल. पण तीनशेचे पैसे घेऊन ९४ द्यायचे, आणि मधल्या यंत्रांनी आपसांत ठरवून ते झाकायचे, हा व्यवहार माहीत असून पत्करणं वेगळं आणि माहीत नसल्यामुळे चालू राहणं वेगळं. तांबड्या समुद्रातल्या केबलचे वर्षाला ३६ हजार पौंड भरणाऱ्यांना निदान ती बंद आहे एवढं तरी ठाऊक होतं.